जमिनीवर रायफल, घोड्यावर पिस्तूल

नमस्कार श्रोतेहो.

20 ऑगस्ट 1864. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं चौथं वर्ष चालू आहे. शेननडोआ नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडच्या फौजेचा सेनापती आहे फिलिप शेरिडन, आणि तो वॉशिंग्टनला एक छोटासा निरोप धाडतो. निरोपाचा आशय असा : मोझबीच्या टोळीचा निकाल लावायचा मक्ता घेतील अशी शंभर माणसं माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठी शंभर स्पेन्सर रायफली हव्यात, वॉशिंग्टनात मिळत असतील तर पाठवून द्या. संपला निरोप. हा मोझबी म्हणजे दक्षिणेकडच्या छापेमारांचा म्होरक्या. वाण्याकडे चिठ्ठी द्यावी तसा.

रायफली मिळाल्या. माणसंही निवडून झाली. आणि तीन महिने पुरते व्हायच्या आत, 18 नोव्हेंबरला, त्यांतल्या बऱ्याच रायफली मोझबीच्याच लोकांच्या हाती पडल्या. ती चकमक झाली केबलटाउन नावाच्या खेड्याजवळ. एका बाजूला साठेक स्वार, दुसऱ्या बाजूला शंभराच्या आसपास. मोठ्या इतिहासात हिला दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. पण घोडदळ म्हणजे काय आणि कुठलं हत्यार कुठे बसून चालवायचं, हे या एका सकाळीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं गेटिसबर्गच्या मोठ्या लढाईच्या तीन दिवसांत दिसत नाही.

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणा. शेननडोआ वाहते दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि हार्पर्स फेरीला पोटोमॅक नदीला मिळते. म्हणून तिकडे ‘खालचं खोरं’ म्हणजे उत्तरेचं. नकाशावर वरच्या बाजूला असतं ते खालचं खोरं. नदीच्या पूर्वेला ब्लू रिज डोंगराची रांग, रांगेत स्निकर्स खिंड, अ‍ॅशबी खिंड. डोंगरापलीकडे व्हर्जिनियाचे लाउडन आणि फॉकियर हे परगणे. तिथे मोझबीची माणसं राहत. अलीकडे खोऱ्यात शेरिडनची फौज, तिच्या रसदीच्या गाड्या, तिची रेल्वे. मोझबीचे लोक खिंडीतून उतरायचे, नदीचा उतार, म्हणजे घोड्यावरून पार होता येईल अशी उथळ जागा, ओलांडायचे, गाड्या लुटायचे आणि उजाडायच्या आत डोंगरापार. केबलटाउन याच पट्ट्यात, नदीच्या पश्चिमेला. हा भाग मुळात व्हर्जिनियाचा, पण 1863च्या जूनमध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं आणि हा परगणा तिकडे गेला.

जॉन मोझबी हा पेशाने वकील. त्याच्या पथकाचं कागदोपत्री नाव 43वी व्हर्जिनिया घोडदळ बटालियन. या पथकाला छावणीच नव्हती. माणसं शेतकऱ्यांच्या घरी राहायची, घोडे त्यांच्याच तबेल्यात. निरोप आला की ठरल्या ठिकाणी जमायचं, छापा मारायचा, पांगायचं.

आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा फरक सांगावा लागत नाही. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो, बारगिराला घोडा सरकार देतं. दक्षिणेचं सगळं घोडदळ हे शिलेदारांचं. घोड्याच्या वापराबद्दल सरकार दिवसाला 40 सेंट देणार, लढाईत घोडा मेला तर भरपाईही देणार. पण थकून, लंगडा होऊन निकामी झाला तर? तर तुझं तू बघ. उत्तरेचे स्वार हे बारगीर. घोडा सरकारी, चंदी सरकारी, रोजची साडेपाच किलोच्या आसपास चंदी आणि सहा किलोवर वैरण नेमून दिलेली. ऐकायला छान वाटतं. पण ही वैरण मागे गाड्यांतून यायची, आणि त्या गाड्यांवरच मोझबीचा डोळा. उलट मोझबीच्या स्वाराकडे बहुधा एकाहून जास्त घोडे असत. छाप्यात पकडलेले घोडे वाटून घेतले जात, आणि मोहिमेला निघताना विसावलेला, पोटभर दाणा खाल्लेला घोडा खाली असे. हे लक्षात ठेवा, पुढे एक घोडी येणार आहे.

आता ब्लेझर, शेरिडनच्या त्या शंभर माणसांचा म्होरक्या. कॅप्टन रिचर्ड ब्लेझर, ओहायो राज्यातल्या गॅलिपोलिसचा. पलटण 91वी ओहायो, म्हणजे पायदळ! त्याची माणसंही बहुतेक पायदळातून निवडलेली. पायदळी माणूस घोड्यावर बसला तरी मनाने जमिनीवरच असतो, आणि ब्लेझरच्या बाबतीत ते त्याचं बळ होतं. त्याचं दुसरं बळ म्हणजे वागणूक. आजूबाजूच्या दक्षिणाभिमानी घरांशीही तो सभ्यपणे वागायचा, लुटालूट करू द्यायचा नाही. त्यामुळे लोक त्याच्या वाटेत काटे पेरत नव्हते. त्याच शरद ऋतूत त्या भागात धान्याची कोठारं जळत होती, पकडलेल्यांना फासावर चढवलं जात होतं, दोन्ही बाजूंकडून. अशा वेळी शत्रूनेही ज्याच्याबद्दल बरं बोलावं असा माणूस विरळा. आणि माझं मत विचाराल तर शेरिडनला पाहिजे होते असे दहा ब्लेझर. त्याऐवजी त्याने नंतर आगपेट्या वाटल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ब्लेझरने मायर्सच्या उतारावर मोझबीच्या एका कंपनीला बेसावध गाठलं. आपल्या अहवालात त्याने शत्रूचे 13 ठार, 6 जखमी आणि 5 कैदी असा हिशेब दिला. नोव्हेंबरात कॅप्टन माँटजॉयची कंपनी कैदी आणि पकडलेले घोडे घेऊन परतत होती, तिलाही त्याने झोडपलं, कैदी सोडवले. मोझबीला हे सहन होईना. त्याने कॅप्टन अडॉल्फस रिचर्ड्सला बोलावलं आणि दोन कंपन्या दिल्या. हुकूम थोडक्यात असा की ब्लेझरला संपवून या. रिचर्ड्सचं वय तेव्हा वीस. लाडाचं नाव डॉली.

आता हत्यारं. थोडक्यात सांगतो, पण हे ऐकलं नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही.

स्पेन्सर रायफल. दस्त्याच्या आत एक नळी, नळीत सात काडतुसं. चापाभोवतीची तरफ खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर नेली की नवं आत बसतं. मग अंगठ्याने बंदुकीचा घोडा ओढायचा. तो आपोआप चढत नाही. मग चाप. शेदीडशे यार्डांवर हे हत्यार भारी. पण वजन साडेचार किलोच्या आसपास, लांबी जवळजवळ चार फूट, आणि चालवायला हात लागतात दोन. दोन्ही हात बंदुकीला दिले तर लगाम कोण धरणार? सात बार संपले की दस्त्यातून नळी उपसायची, काडतुसं एकेक आत सोडायची, नळी परत बसवून फिरवायची. झाडाच्या आडोशाला हे निवांत जमतं. भरधाव घोड्यावर करून बघा, काडतुसं शेतात पेराल.

मोझबीच्या माणसांकडे कोल्ट रिव्हॉल्व्हर, बहुतेक .44चं. सहा बार. वजन सव्वा किलो. एकेकाकडे किमान दोन, काहींकडे चार : दोन कमरेला, दोन खोगिराला. ते भरायचं काम किचकट. प्रत्येक खणात दारू, त्यावर शिशाची गोळी, ती खालच्या तरफेने ठासायची, वर चरबीचा लेप द्यायचा, मागे प्रत्येक खणाला तांब्याची टोपी बसवायची. चरबी लावायची राहिली किंवा गोळी सैल बसली तर एका बाराबरोबर शेजारचे खणही पेटतात. फुटलेल्या टोपीचा तुकडा आत पडला तर चाकच फिरत नाही. काळ्या दारूची काजळी तर अशी की सुतळी बाँबनंतरचं अंगण आठवावं. आणि घोड्यावर बसून हे भरणं अशक्य, म्हणूनच एकापेक्षा जास्त पिस्तुलं. पण चालवायला हात एकच लागतो. डाव्या हाती लगाम, उजव्या हाती पिस्तूल, वीस पावलांच्या आत जायचं आणि मगच चाप ओढायचा.

तेव्हा पक्कं करा : जमिनीवर रायफल, घोड्यावर पिस्तूल. ब्लेझरकडेही काहींकडे रिव्हॉल्व्हर होती, नाही असं नाही, पण त्याची सगळी भिस्त स्पेन्सरवर.

आणि तलवार? मोझबी म्हणायचा, तलवारीचा खरा उपयोग एकच, विस्तवावर मांस भाजताना खुपसायला. हे ऐकून आपल्यातल्या काहींना राग येईल. येऊ द्या. चौकाचौकांतल्या पुतळ्यांना उगारलेली तलवार शोभते. पण 1864 साली सहाबारी समोर असताना तलवार उपसणं म्हणजे जवळ जाईपर्यंत सहा वेळा मरायची तयारी ठेवणं. सिनेमावाले एकाच पिस्तुलातून वीस बार उडवतात ते वेगळंच. असो.

आणखी एक हिशेब. उत्तरेच्या घोडदळात लढायला खाली उतरायचं तर दर चार स्वारांतला एक मागे थांबून चौघांचे घोडे धरतो. म्हणजे साठ उतरले की गोळ्या झाडणारे पंचेचाळीस. पण पंचेचाळीस स्पेन्सर, प्रत्येकी सात बार, आडोशाला पडून! त्यावर शंभर पिस्तूलवाले चालून गेले असते तर निम्मी खोगिरं रिकामी करून परत आले असते. डॉली रिचर्ड्सला हे ठाऊक होतं. ब्लेझरला गाठणं ही त्याची अडचण नव्हतीच. ब्लेझरला घोड्यावर कसं ठेवायचं, ही अडचण होती.

हां, आता गोष्ट.

17 नोव्हेंबरला रिचर्ड्स खिंडीतून निघाला, रात्री नदी ओलांडून आला. 18 तारखेला सकाळी त्याने दोन माणसं केबलटाउनकडे पुढे पाठवली. एक चार्ली मॅकडोनो, तिथलाच, सापडला तर फाशी ठरलेलीच असा. दुसरा जॉन प्युअरियर, रिचमंडचा तरणाबांड पोरगा. गावाजवळ समोरून राखाडी कपड्यांतले स्वार आले. राखाडी म्हणजे दक्षिणेचा रंग. प्युअरियरला वाटलं आपलेच, तो बोलायला पुढे गेला. मॅकडोनोला वास आला, तो मागे थांबला आणि घोडा वळवून निसटला. राखाडी कपड्यांतले ते ब्लेझरचे टेहळे होते.

प्युअरियर पकडला गेला. ब्लेझरचा लेफ्टनंट होता कोल. रिचर्ड्स कुठे आहे, बरोबर किती माणसं आहेत, हे काढून घेण्यासाठी कोलने त्याला फाशीची धमकी दिली, छळलं. पोराने तोंड उघडलं नाही. मग त्याला एका घोड्यावर बसवलं आणि कैदी म्हणून तुकडीबरोबर चालवलं. कोलचा चेहरा त्याने डोक्यात कोरून ठेवला.

इकडे मॅकडोनोने बातमी आणली होती. ब्लेझर मागावर आहे म्हटल्यावर रिचर्ड्सने पाठलाग सोडला आणि जागा शोधली. मायर्सटाउनजवळ, मायर्सच्या उताराच्या वाटेवर, वरखाली होत जाणारी शेतं, मध्ये खोलगट घळ, कडेला झाडी, लाकडी दांड्यांची कुंपणं. एक कंपनी घेऊन तो स्वतः घळीत दडला. दुसरी लेफ्टनंट हॅरी हॅचरकडे देऊन उघड्यावर ठेवली, दिसेल अशी.

ब्लेझर आला. झाडीच्या कडेला थांबला. आणि जे करायला नको म्हणून रिचर्ड्स देव पाण्यात घालून बसला होता तेच त्याने सुरू केलं. माणसं घोड्यावरून उतरायला लागली. स्पेन्सर हातात, कुंपणाचा आडोसा. अजून दोन मिनिटं गेली असती तर डाव ब्लेझरचा होता.

रिचर्ड्सने हॅचरला इशारा केला. हॅचरच्या माणसांनी मागच्या कुंपणाचे दांडे काढले आणि नदीच्या दिशेने सरकू लागली. लांबून बघणाऱ्याला एकच अर्थ लागेल : हे उतारावरून पळ काढतायत, पुन्हा डोंगरापार जाणार, पुन्हा हातचे सुटणार.

इथे जरा थांबतो. आपल्याकडे कुणीही कुठूनही पळालं की त्याला गनिमी कावा म्हणायची सवय आहे. खोटं पळणं हे खऱ्या हल्ल्यापेक्षा अवघड असतं. घोड्याला तोंड फिरवून दौडवलं की घोड्याला ते खोटं आहे हे माहीत नसतं, आणि शेजारचा घोडा पळतोय म्हटल्यावर आपलाही उधळतो. मागून गोळ्या येत असताना अख्खी कंपनी ठरल्या जागी परत वळवायची, ती पांगू द्यायची नाही, हे ज्याला जमतं त्यालाच तो शब्द लावा.

तर ब्लेझरला दिसलं की शिकार निसटतेय. पायी उतरलेला माणूस घोडेस्वाराचा पाठलाग करू शकत नाही, हे कुणाला सांगायला नको. त्याने हुकूम दिला : चढा! माणसं परत खोगिरावर चढली आणि सुटली. लांब रायफली हातात, घोडे धापा टाकतायत. जमिनीवर रायफल, घोड्यावर पिस्तूल. ब्लेझर आता घोड्यावर होता, आणि हाती रायफल.

ते घळीच्या समोर आले आणि रिचर्ड्सची कंपनी आरोळी ठोकून बाजूने त्यांच्यावर आदळली. त्याच क्षणी हॅचर वळला. दोन्हीकडून पिस्तुलं, दहा-पंधरा पावलांवरून. स्पेन्सरवाल्यांनी पहिला बार काढला असेल, दुसऱ्यासाठी तरफ ओढायची, अंगठ्याने घोडा चढवायचा, आणि खालचा खरा घोडा भलतीकडेच निघालेला. काहींनी रायफल उलटी धरून सोट्यासारखी फिरवली. ब्लेझरने माणसं परत गोळा करायचा दोनदोनदा प्रयत्न केला, त्याच्या धैर्याबद्दल शत्रूनेही कधी वाईट म्हटलं नाही. पण फळी फुटली ती फुटली.

या गोंधळात प्युअरियरवरचे पहारेकरी उधळले. त्याने घोड्याला टाच मारली, आपल्या माणसांत घुसला, एकाकडून पिस्तूल मागून घेतलं आणि परत फिरला. तो गर्दीत एकच चेहरा शोधत होता. मायर्सटाउनच्या लोहाराच्या दुकानापाशी तो सापडला. लेफ्टनंट कोल. पण कोलने तेवढ्यात जॉन अलेक्झांडर नावाच्या रेंजरपाशी, म्हणजे मोझबीच्या स्वारापाशी, शरणागती पत्करली होती. अलेक्झांडर ओरडला, मारू नकोस, त्याने हत्यार टाकलंय. प्युअरियर म्हणाला, मी कैदी असताना हा मला मारायला निघाला होता. कोल अलेक्झांडरच्या घोड्याच्या आडोशाला सरकला. प्युअरियरने गोळी घातली. आणि त्यानंतर तो पोरगा ढसाढसा रडायला लागला. अलेक्झांडरनेच हे पुढे सांगितलं, म्हणून आपल्याला माहीत. शरण आलेल्याला मारणं हा खूनच, सकाळी काहीही घडलेलं असलं तरी. तरी रेंजरांच्या आठवणींत ही गोष्ट लपवलेली नाही, एवढं त्यांच्या बाजूने.

आता घोडी. ब्लेझर शेवटपर्यंत थांबला आणि काही उरलं नाही म्हटल्यावर रिपनच्या रस्त्याने सुटला. चांगला घोडा होता त्याच्याकडे. मागे चौघे लागले. सॅम अलेक्झांडर (मघाचा जॉन नव्हे), कॅब मॅडक्स, सिडनर फर्ग्युसन आणि लुईस पॉवेल. फर्ग्युसनच्या घोडीचं नाव फॅशन. विसावलेली, पोसलेली, घरच्या तबेल्यातली. एकेक मागे पडत गेला आणि फॅशन पुढे सरकत गेली. थांब म्हणून ओरडून झालं, ब्लेझर थांबेना. फर्ग्युसन बरोबरीला आला तोवर त्याचे बार संपले होते. मघाशी म्हटलं ना, दौडत्या घोड्यावर ते भरता येत नाही. त्याने रिकामं पिस्तूल उचललं आणि सव्वा किलोचं ते लोखंड ब्लेझरच्या डोक्यात हाणलं. ब्लेझर खोगिरावरून रस्त्यात कोसळला. फॅशन तशीच पुढे निघून गेली, तिला आवरून परत आणावं लागलं. फर्ग्युसन आला तेव्हा कॅप्टन जिवंत होता, उठून बसत होता.

एवढंच. ब्लेझरचे स्काउट्स तुकडी म्हणून त्या सकाळी संपले. शंभर स्पेन्सरांचा मक्ता बुडाला. त्यानंतर दहाच दिवसांनी शेरिडनने जनरल मेरिटचं घोडदळ लाउडन परगण्यात धाडलं, कोठारं, गिरण्या जाळायला, जनावरं हाकून न्यायला. मोझबीला पकडायचं सोडून त्याच्या घोड्यांचा दाणा जाळायचा. मघाच्या आगपेट्या त्या ह्याच.

ब्लेझर रिचमंडच्या तुरुंगात गेला, कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला, आपल्या पलटणीत परतला. 1878 साली गॅलिपोलिसमध्ये पिवळ्या तापाची साथ आली, तीत तो गेला. डॉली रिचर्ड्स पुढे केंटकीत, लुईव्हिलला वकील आणि न्यायाधीश झाला.

राहिला चौघांतला एक, लुईस पॉवेल, फ्लोरिडाचा. त्या रस्त्यावर त्याच्या साथीदाराने रिकाम्या पिस्तुलाने कॅप्टनला लोळवलं. त्यानंतर पाच महिन्यांनी, 14 एप्रिल 1865च्या रात्री, लिंकनवर नाट्यगृहात गोळी झाडली गेली त्याच सुमारास, हा पॉवेल वॉशिंग्टनात परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्डच्या घरात शिरला. जिन्यावर मंत्र्याचा मुलगा फ्रेडरिक आडवा आला. पॉवेलने पिस्तूल रोखून चाप ओढला. बार उडालाच नाही. तेव्हा त्याने ते पिस्तूल फ्रेडरिकच्या डोक्यात हाणलं, इतक्या जोराने की पिस्तूलच मोडलं. फ्रेडरिक वाचला. वरच्या खोलीतला सेवर्डही चाकूचे वार झेलून वाचला. पॉवेलला 7 जुलैला फाशी झाली.

नमस्कार.